खिशातले जुने नाणे

सुटीच्या दिवशी कर्नाळ्याच्या पायथ्याशी, मुंबई-गोवा महामार्गालगत, सकाळपासूनच गाड्या लागतात. अभयारण्याच्या फाटकावर पिशव्या उघडून प्लास्टिक पाहिले जाते. खिसे कोणी पाहत नाही, आणि पाहूही नयेत. पण अलीकडे दुर्गभ्रमण करणाऱ्या तरुणांच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक वस्तू बऱ्यापैकी नेमाने दिसू लागली आहे: तांब्याची, काळपट, अक्षरे अर्धी पुसलेली शिवराई. कुणी ती पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेली असते, कुणाला ती आजोबांच्या पेटीत मिळालेली असते, आणि कुणी ‘गडावर सापडली’ असे सांगताना आवाज थोडा खाली आणतो. गड चढताना अंगठा तिच्यावरून फिरत असतो. वर्षा-दोन वर्षांत ती आणखी गुळगुळीत होते आणि बाळगणाऱ्याला आणखी प्रिय होते.

हे पाहून नाणेसंग्राहकांच्या अंगाचा तिळपापड होतो. तीनशे वर्षे टिकलेला पुरावा तुम्ही चाळा म्हणून घासून टाकता, असे त्यांचे म्हणणे. तर बाळगणारे म्हणतात, नाणे पाडले तेच मुळी हातोहात फिरण्यासाठी. आमच्या हाताने झिजले तर असे काय आभाळ कोसळले? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण माझ्या मते दोघेही नाण्याच्या चुकीच्या बाजूकडे बोट दाखवत आहेत.

आधी संग्राहकांची बाजू, कारण ती अधिक भक्कम आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याच्या होनाबरोबर तांब्याची शिवराई आली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे कडेचे ठिपक्यांचे वर्तुळ सहसा अर्धेच उमटते. एखाद्या नाण्यावर ‘श्री’ पूर्ण, तर ‘शिव’मधला ‘व’ काठाबाहेर गेलेला. ठसे हाताने खोदलेले, खोदणारे हात अनेक, आणि काळही लांबलचक. महाराजांच्या पश्चातच नव्हे, पेशवाईतही हेच नाव धारण करणारी शिवराई पडत राहिली, दुदांडी शिवराई त्यातलीच. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पैशाच्या शेजारी ती दख्खनच्या बाजारात चालत राहिली. ‘पति’मधली वेलांटी कुठे ऱ्हस्व तर कुठे दीर्घ, ‘शिव’ कुठे ‘सिव’, मधली आडवी रेघ कुठे एक तर कुठे दोन. बहुतेक नाण्यांवर सन नसतो. तेव्हा अमुक शिवराई कोणत्या काळातली हे ठरवायला अभ्यासकाच्या हाती या वेलांट्या, रेघा आणि ठिपकेच असतात. ती वेलांटी तांब्याच्या पाठीवर जेमतेम केसभर उंच उभी असते, आणि अंगठा सर्वांत आधी तिलाच खातो.

घासण्याखेरीज घामाचाही हिशेब आहे. हाताच्या घामात मीठ असते. त्यातला क्लोराइड तांब्याला धरला आणि वर दमट हवा मिळाली, की फिकट हिरवी पूड सुटू लागते आणि ती नाणे आतून पोखरत जाते. म्हणूनच संग्रहालयातला माणूस नाणे कधी तोंडावर धरत नाही. दोन बोटांत कडेने धरतो, शक्य तर हातमोजे घालून, आणि खाली मऊ कापड अंथरून. खिशात बाळगणारा आणखी एक उपद्व्याप करतो. एखाद्या रविवारी त्याला वाटते, हे जरा चमकावे. मग चिंच येते, लिंबू येते, पीतांबरी येते. शतकांनी चढवलेला तांबूस-काळा थर पाच मिनिटांत उतरतो आणि खाली निघते ते नव्या नळाच्या तोटीसारखे गुलाबी, निर्जीव तांबे. बाजारात अशा नाण्याची किंमत पडते आणि अभ्यासकाचे काम अवघड होते. या एका बाबतीत संग्राहकांशी वाद घालण्यासारखे काहीच नाही. घासूनपुसून चकचकीत करणे ही निव्वळ हानी आहे.

आता दुसरी बाजू. नाणे अंगाशी बाळगण्याची चाल गड चढणाऱ्या तरुणांनी काढलेली नाही. मराठी घरांतल्या पुतळ्यांच्या माळेकडे पाहा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा सोन्याचा डकॅट. समुद्रापलीकडच्या व्यापारातून आला, त्यावरच्या आकृतींमुळे पुतळी झाला आणि बायकांच्या गळ्यात ओवला गेला. पुढे सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. खऱ्या पुतळ्या पिढ्यान् पिढ्या मानेच्या घामाने, पदराच्या घासण्याने झिजल्या, आणि त्यांना कुणी इतिहासाचा विध्वंस म्हटले नाही. कनवटीला खोचलेला पैसा, पानाच्या चंचीत तळाशी पडलेली अधेली, बटव्यातला छेदाचा पैसा, ही सगळी नाणी चलनातून गेल्यावरही माणसांबरोबर राहिली. लक्ष्मीपूजनाला चांदीचा राणीछाप रुपया निघतो. त्यावर दरवर्षी हळदकुंकू चढते, पंचामृत पडते, मग पाण्याखाली चोळून तो पुसला जातो. संग्राहकाच्या दृष्टीने हा अत्याचारच. पण त्या रुपयाचे घरातले स्थान या हाताळणीनेच तयार झाले आहे.

परक्या मुलखातही असे दाखले आहेत. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनला गंडमाळा झाल्या होत्या. राजाच्या स्पर्शाने त्या बऱ्या होतात अशी समजूत असल्यामुळे १७१२ मध्ये, अडीच वर्षांचा असताना, त्याला राणी ॲनपुढे नेले गेले. तेव्हा मिळालेला सोन्याचा तुकडा त्याने जन्मभर गळ्यात बाळगला. गंडमाळा काही गेल्या नाहीत. तुकडा मात्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तो तिथे आहे तो जॉन्सनच्या अंगावर होता म्हणूनच. अमेरिकेत याच्याही पुढची तऱ्हा आहे. नाण्याची प्रत १ ते ७० अशा श्रेणीत मोजण्याची तिथली रीत. सगळे ७०च्या मागे लागलेले असताना काही संग्राहक मुद्दाम १ श्रेणीची नाणी जमवतात, म्हणजे सन आणि जात कशीबशी ओळखू येईल एवढीच शिल्लक राहिलेली. हौसेला मोल नसते.

शिवाय ‘पाकिटात ठेवा, सुरक्षित राहील’ हा सल्ला कोकणात तितकासा खरा ठरत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त पारदर्शक आल्बम पीव्हीसीचे असतात. त्या प्लास्टिकमधून काळाबरोबर जो चिकट अंश सुटतो तो तांब्याला हिरवा करतो. जून ते सप्टेंबर पनवेल परिसरात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे त्या आल्बमचे काय होत असेल हे सांगायला नको. याउलट रोज खिशात फिरणारे नाणे तपकिरी, कोरडे राहते, कारण हिरवी पूड धरायच्या आत ती कापडाने पुसली जाते. मी अशी दोन्ही प्रकारची नाणी हाताळली आहेत. पाकिटातल्या नाण्याचे अक्षर शाबूत होते पण अंगावर हिरवे डाग. खिशातल्याचे अक्षर गेलेले पण अंग निरोगी. नाणी जपायचीच असतील तर कागदी लखोटा, कोरडा डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढे तरी करावे. नुसते कपाटात कोंबणे म्हणजे जपणे नव्हे.

इथवर पारडे जवळजवळ समतोल आहे. ते कुठे झुकते हे कळण्यासाठी एका गणितज्ञाकडे जावे लागेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे, पण आयुष्याचा मोठा भाग पुण्यात गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४०च्या सुमारास, त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. ही चांदीची, ठोकून चिन्हे उमटवलेली नाणी. त्यांवर ना राजाचे नाव ना सन. कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचे म्हणणे साधे होते: नाणे चलनात जितका काळ फिरते तितके त्याचे वजन घटते. एकेक नाणे कमीजास्त झिजेल, पण ढीगच्या ढीग तोलला तर सरासरी घट काळाच्या प्रमाणात दिसेल, आणि नाण्या-नाण्यांतला वजनाचा फरकही वाढत जाईल. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली, रोजच्या व्यवहारात फिरणारी नाणीही तोलली. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतल्या नाण्यांना हाच न्याय लावून, कोणती चिन्हे आधीची आणि कोणती नंतरची, हे लावायचा प्रयत्न केला. त्यांच्या राजवंशांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण झीज हा नुसता नाश नसून ती एक नोंद आहे, ही गोष्ट त्यांनी तराजूने दाखवून दिली.

सराफांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होतीच. मराठी मुलखात पोतदार नाणे वाजवून, तोलून घेत आणि झिजलेल्या नाण्यावर बट्टा कापत. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी हिशेब मांडला की सोन्याचा सॉव्हरिन चलनात सरासरी सुमारे १८ वर्षांत कायदेशीर वजनाच्या खाली येतो. आपल्या २०११च्या नाणेविषयक कायद्यातही नाणे वैध राहण्याला अट आहे: ते विद्रूप केलेले नसावे आणि ठरलेल्या वजनाखाली झिजलेले नसावे. मात्र हल्लीची पोलादी नाणी, ज्यांत १७ टक्के क्रोमियम असते, इतकी कणखर आहेत की आपल्या नातवंडांना गुळगुळीत रुपया बहुधा बघायलाही मिळणार नाही. त्यात खिशात आता नाण्यांची जागा फोनने घेतली आहे. 

कोसंबींच्या पद्धतीतून आपल्या वादाला दोन उत्तरे मिळतात, आणि ती परस्परविरोधी आहेत. पहिले संग्राहकांच्या बाजूचे. बाजाराने केलेली झीज ही साक्ष असेल, तर दुर्गभटक्याच्या खिशाने केलेली झीज ही खोटी साक्ष आहे. दोन ग्रॅम घटलेली शिवराई उद्या तराजूवर ठेवणाऱ्याला कसे कळावे की यातले किती साताऱ्याच्या मंडईने खाल्ले आणि किती एखाद्या जीन्सच्या खिशाने? दुसरे उत्तर बाळगणाऱ्यांच्या बाजूचे, आणि माझ्या लेखी ते जड आहे. कोसंबींनी एकटे नाणे कधी प्रमाण मानले नाही. त्यांची सारी पद्धत साठ्यावर उभी होती: कोणती नाणी एकत्र सापडली, कुठे सापडली, एकमेकांच्या तुलनेत किती झिजलेली. जुन्या बाजारातल्या टोपलीतून उचललेल्या सुट्या शिवराईचे सोबती केव्हाच पांगले आहेत. ती कोणत्या गावच्या मातीतून निघाली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. तिचे वजन आता कुणालाही काही सांगू शकत नाही. खिशात झिजवून तुम्ही त्या मौनात फारशी भर घालत नाही.

म्हणजे खरे नुकसान अंगठा करत नाही. ते होते नाणे जागेवरून उचलले जाते त्या क्षणी. आणि इथे ‘गडावर सापडली’ म्हणणाऱ्याचा आवाज खाली का येतो, याकडे वळायला हवे.

कर्नाळा हा काही आडबाजूचा डोंगर नव्हता. बोरघाट उतरून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या मालावर नजर ठेवणारा हा गड. देवगिरीचे यादव, मग सुलतानी अंमल, पोर्तुगीज, १६७० मध्ये शिवाजी महाराज, पुढे मोगल, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज, इतक्यांच्या हातून तो फिरला. वासुदेव बळवंत फडके जन्मले ते शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते. गडावर यादवांची सोन्याची नाणी मिळाल्याचेही सांगतात. यादवांचे पद्मटंक म्हणजे मधोमध कमळ ठोकलेली, वाटीसारखी किंचित खोलगट सोन्याची चकती. ज्या वाटेने इतकी शतके माणसे, माल आणि जकात चढली-उतरली, तिथे पावसाने माती धुपल्यावर एखादा तांब्याचा तुकडा उघडा पडला तर नवल नाही. रायगडावर शिवराया मिळाल्याच्या गोष्टी तर सगळ्यांना माहीत आहेत.

असा तुकडा कर्नाळ्याच्या सुळक्याखालच्या टाक्यांजवळ मिळाला की दरवाजापाशी, एकटा मिळाला की चौघांच्या संगतीत, मातीच्या वरच्या थरात की धुपलेल्या कडेत, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. खिशात टाकला की तो अर्थ दहा सेकंदांत संपतो. नंतर तो तुकडा तुम्ही मखमलीच्या डबीत ठेवा नाहीतर रोज चोळा, फरक पडत नाही. जुन्या बाजारात शिवराई विकत घेऊन ती खिशात झिजवणारा मुलगा, आणि गडावरून उचललेली शिवराई डबीत जपणारा संग्राहक, या दोघांत अधिक हानी कुणी केली? माझे उत्तर दुसऱ्याने, हेच आहे.

कायदाही हेच म्हणतो, पण अशा तऱ्हेने म्हणतो की कुणी ऐकू नये. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद. आता यातली गंमत पाहा. सरकारने असा ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर मोबदला काय? धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. बारा ग्रॅमच्या शिवराईतले तांबे मोजक्याच रुपयांचे भरते. म्हणजे प्रामाणिक माणसाने पनवेलहून अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालायचे, आणि पदरात पडायचे ते एका चहाचे पैसे. दहा रुपयांची मर्यादा १८७८ मध्ये भरभक्कम रक्कम होती; आज ती थट्टा आहे. इंग्लंडने १९९६च्या कायद्यानंतर ठेव्याला बाजारभावाने मोबदला दिला, आणि १९९७ पासून सुट्या, किरकोळ सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू केली. वस्तू दाखवा, जागा सांगा, फोटो आणि वजन होऊ द्या, आणि बहुतेक वेळा वस्तू परत घेऊन जा. त्या नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे केव्हाच गेली आहे. तिथला माणूस आपल्याहून अधिक सज्जन आहे असे नव्हे. तिथे सांगण्यात तोटा नाही, एवढेच.

आपल्याकडे असे काही उभे करायला मोठा खर्च लागत नाही. पनवेल परिसरात महाविद्यालये आहेत, त्यांत इतिहास विभाग आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. वर्षातून एखादा दिवस जाहीर करावा: घरातली, पेटीतली, खिशातली जुनी नाणी घेऊन या, आम्ही तोलू, दोन्ही बाजूंचे फोटो काढू, कुठून आली ते लिहून घेऊ आणि तुमचे नाणे तुमच्या हाती देऊ. तराजू, कॅमेरा आणि चार समंजस विद्यार्थी एवढ्यावर हे भागते. या नोंदीनंतर ते नाणे खिशात झिजले तरी त्याची वेलांटी कुठेतरी शाबूत राहील. संग्राहक आणि बाळगणारे यांचे भांडण तिथेच निम्मे मिटेल.

तोवर माझा कौल असा. विकत घेतलेले किंवा घरात आलेले, अक्षर आधीच गेलेले नाणे खुशाल बाळगा. राणीछाप पाव आणा हाताशी असेल तर उत्तमच: तो पुष्कळ पडला, पुष्कळ उरला, आणि त्यावर राणीचा गाल नि कानावरचे केस आधी झिजतात, सन शेवटपर्यंत वाचता येतो. अक्षरे स्वच्छ असलेली शिवराई, होन, किंवा ओळखू न येणारे कोणतेही नाणे खिशात टाकू नका. आधी जाणकाराला दाखवा. चिंच-लिंबाच्या वाटेला अजिबात जाऊ नका. आणि बाजारातून घेताना कड निरखून पाहा. ओतीव नकलांच्या कडेला बारीक शिवण दिसते, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात, अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी मऊ असतात. गळ्यात मिरवल्या जाणाऱ्या कितीतरी शिवराया या जातीच्या आहेत. त्या हव्या तितक्या झिजवा.

आणि कर्नाळ्यावर, किंवा कोणत्याही गडावर, मातीत नाणे दिसले तर त्याला हात लावू नका. आजूबाजूची खूण येईल असा फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा, आणि त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. मोबदला तुटपुंजा आहे हे धरूनच कळवा.